हेल्मेटचा वायपर

गंभीर निवेदन आहे, हातातला कप खाली ठेवा: जगात हेल्मेटलाही वायपर असतो. ओल्या रबराचा वास आला की तो आठवतो आणि माझं डोकं तापतं. नोकरीवर रुजू व्हायला मला पांढुर्ण्याहून पाचच्या आत सौंसरच्या कचेरीत पोचायचं होतं, आणि नवऱ्याने नेमकं त्याच दिवशी भंगारातून आणलेलं जुनं हेल्मेट घातलं. काचेवर इवलासा वायपर, कानाजवळ तो फिरवायची चावी; पाऊस धो धो, त्याचे दोन्ही हात हँडलवर, म्हणून चावी मागून मी फिरवायची. "फिरव न वं, काही दिसून नाही राहिलं." "मंग काच वर करा न." "काच उघडत नाही, म्हणून तं वायपर आहे." जामसांवलीच्या फाट्यावर माझं मनगट भरून आलं. मी गाडी थांबवायला लावली, हेल्मेट त्याच्या डोक्यावरून उपटलं आणि रागारागाने स्वतः घातलं. पाचला पाच कमी असताना कचेरीत शिरले, तर हनुवटीखालचा भिजलेल्या चामड्याचा पट्टा सुटेना. फोटोशी चेहरा जुळल्याशिवाय रुजू करून घेणार नाही, असं तिथले बाबू म्हणाले. नोकरी मिळाली, पण नवऱ्याला मी अजून माफ केलेलं नाही; कारण तेव्हा माझ्यामागे उभं राहून त्याने शांतपणे चावी फिरवली आणि बाबूंना विचारलं, "आता दिसून राहिली का, साहेब?"