डिस्काउंट काढ

निखिलने मागून माझी मान धरली आणि माझं तोंड कीबोर्डवर आपटलं.

मग केस धरून वर उचललं आणि परत आपटलं. दुसऱ्या वेळी नाकात काहीतरी फुटलं. तोंडात खारट चव आली. स्क्रीनवर डिस्काउंटच्या रकान्यात माझ्या गालाने दाबलेले आकडे भरत गेले. नऊ, नऊ, नऊ, नऊ. सॉफ्टवेअर टुंग टुंग वाजत राहिलं. एवढी सूट देता येत नाही, असं ते सांगत होतं.

"कुणाला विचारून लावलंस?" निखिल म्हणाला. "तुझ्या बापाचं दुकान आहे?"

दुकान त्याच्या बापाचं होतं. फणसवाडीच्या बाजूच्या गल्लीत, घाऊक भांड्यांचं. केटरर, हॉटेलवाले, लग्नाच्या हॉलवाले यायचे. टोप, कढया, पराती छतापर्यंत रचलेल्या. मी काउंटरमागे कॉम्प्युटरवर बसायचे. गिऱ्हाईक सांगेल तसा माल ऑर्डरमध्ये चढवायचा. भाव आपोआप यायचा. माल ठरावीक संख्येच्या वर गेला की घाऊक सूटही आपोआप लागायची. सूट कमीजास्त करायची तर त्या रकान्यात जाऊन हाताने करायची. काम सोपं होतं. नोकरी करत करत बी.कॉम. केलं होतं, अकाउंटिंगचा कोर्स केला होता. मला ते काम आवडायचं, हे आज सांगायची लाज वाटते, पण आवडायचं.

सूट किती, हे भिंतीवरच्या बोर्डावर लिहिलेलं होतं. तेच सॉफ्टवेअरमध्ये भरलेलं होतं. पण दुकानाचा खरा नियम तिसराच होता आणि तो कुठेच लिहिलेला नव्हता. गिऱ्हाइकाने नाव सांगितलं की निखिल माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहायचा. आडनाव ऐकायचा. कपडे बघायचा. मग हळूच म्हणायचा, "यांना राहू दे." नाहीतर म्हणायचा, "यांचं काढ."

सॉफ्टवेअरला आडनाव कळत नव्हतं. निखिलला कळायचं.

माझंही कळलं होतं. नोकरीला लागताना त्याच्या वडिलांनी, अप्पासाहेबांनी, आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग परत आडनाव विचारलं. मग हसून म्हणाले, "हुशार असतात हल्ली तुमच्यातल्या मुली." त्यांचं गिरगावातलं जुनं, शिकलेलं घराणं. कधी आवाज चढवायचे नाहीत. माझे आजोबा गिरणीत होते, पण साचेखात्यात, मागांवर, त्यांना कधी घेतलं नाही. तिथे तुटलेलं सूत तोंडाने ओढून घ्यावं लागायचं, आणि आमच्या तोंडचं सूत बाकीच्यांना चालायचं नाही. हे आई सांगायची. मी म्हणायचे, ते जुनं झालं. आता एसीत बसतो आपण.

त्या दिवशी विमलमावशी आली.

विमलमावशी आमच्याच चाळीतली, लोअर परळची. नवरा गेल्यावर चार बायका धरून तिने जेवणाचे डबे सुरू केले होते. आमच्या चाळीभोवती सगळी काचेची ऑफिसं. तिथले वॉचमन, ड्रायव्हर, साफसफाईवाले बायकांच्या हातचं जेवण घ्यायला लागले. काम वाढलं. मोठी भांडी हवी होती. मी या दुकानात आहे म्हणून विश्वासाने इथे आली. चांगली साडी नेसून आली.

तिने सांगितलं, मी चढवत गेले. टोप, झाकण्या, झारे, भाताची मोठी पातेली. ऑर्डर भरली आणि सूट लागली. मी लावली नाही. तिची तीच लागली.

निखिल मागे येऊन उभा राहिला. "नाव काय?"

मावशीने नाव सांगितलं. आडनावासकट, ठणठणीत.

"डिस्काउंट काढ," तो मला म्हणाला.

मावशीला ऐकू गेलं. तिने बोर्डाकडे बघितलं. "बाय, तिथे तर लिवलंय," ती मला म्हणाली. त्याला नाही, मला.

मी कर्सर त्या रकान्यात नेला. हात थांबला. का थांबला, त्याचं मोठं कारण नाही. मावशी समोर उभी होती आणि तिला वाचता येत होतं, एवढंच.

मी म्हटलं, "सर, ऑर्डर स्कीममध्ये बसतेय. ऑटोमॅटिक लागलंय."

"काढ म्हटलं ना. तुमच्या लोकांना फुकट खायची सवय. दुकान काय वाटायला काढलंय?"

मी म्हटलं, "मी नाही काढणार."

आणि मान धरली गेली.

दुकानात गिऱ्हाइकं होती. एक हॉटेलवाला कढई वाजवून बघत होता, तो थांबला. मग परत वाजवायला लागला. पॅकिंगवाले गणपतकाका सुतळी हातात घेऊन बघत राहिले. रक्त कीबोर्डवर टपटपत होतं, बटणांच्या फटीत उतरत होतं. अप्पासाहेब केबिनमधून बाहेर आले. निखिलकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. नेहमीच्या शांत आवाजात म्हणाले,

"आधी तो कीबोर्ड पूस. शॉर्ट होईल."

मी पुसला. माझ्याच ओढणीने. नाक गळतंय, आणि मी एकेक बटण पुसतेय. मार खाल्ला त्याचं दुखणं गेलं. हे अजून गेलेलं नाही.

विमलमावशीने मला हाताला धरून बाहेर नेलं. रस्त्यावरच्या नळावर तोंड धुवून दिलं. "जाऊ दे," ती म्हणत होती. ऑर्डर तिने सोडून दिली.

घरी आईने बघितलं. हळद आणली, कापूस आणला. विचारलं, "नोकरी हाय ना?" मी म्हटलं, आहे. तेव्हा ती रडली. मला तिचा राग आला नाही. भीती वाटली, की उद्या मी पण एखाद्या पोरीला हेच विचारीन.

दुसऱ्या दिवशी गेले. मी भांडायला गेले नव्हते. बसून काम करीन असंच ठरवून गेले होते. नाक सुजलेलं होतं. खुर्चीवर दुसराच मुलगा बसलेला. अप्पासाहेबांनी मला दुकानाच्या मधोमध उभं केलं. सगळा स्टाफ बोलावला. निखिल स्टुलावर बसला होता, पायावर पाय टाकून.

"झालं ते लोकांसमोर झालं," अप्पासाहेब म्हणाले. "लोकांसमोरच मिटव. त्याच्या पाया पड. मी तुला परत बसवतो."

निखिलने पाय थोडा पुढे केला. त्याचे बूट नवे होते. त्याला हसू येत होतं, ते तो दाबत होता.

मी म्हटलं, "नाही."

"काय?"

"त्याने मारलंय. त्याने माफी मागायची."

निखिल उठला. सावकाश आला. माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि खाली दाबायला लागला. मी गुडघ्यावर आले. डोकं त्याच्या बुटापाशी चाललेलं. मी हाताने आधार शोधत होते. बाजूला झाऱ्यांची थप्पी होती, केटररचे, लांब दांड्याचे. एक हातात आला.

मी त्याच्या मनगटावर मारला. सगळ्या जोराने.

आवाज आला. हाड मोडल्याचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, पण ओळखला. वेणी सुटली. तो ओरडत मागे गेला आणि परातींच्या थप्पीवर आदळला. पराती कोसळल्या. मी उभी राहिले. झारा परत उचलला होता. मारणार होते. डोक्यात. खोटं कशाला सांगू, मला त्याचं डोकं दिसत होतं आणि मारायचं होतं.

गणपतकाकांनी माझा हात धरला. "पोरी, बस. आता बस." काल हे काका हलले नव्हते.

पोलीस आले. गाडीत मला बसवलं, निखिलला हॉस्पिटलात नेलं. चौकीत साहेबाने विचारलं, "मुलगी असून एवढा हात उचलतेस?" मी सुजलेलं नाक दाखवलं. "हे कालचं ना? मग काल का नाही आलीस?" तिकडे अप्पासाहेब आत खुर्चीवर चहा घेत होते. मी बाकड्यावर. माझी तक्रार कुणी लिहून घेईना.

विमलमावशी आली. सोबत तिच्या डब्यावाल्या बायका. हाताला पीठ तसंच. ती सरळ टेबलाशी गेली. "मी तिथं होते," म्हणाली. "ह्या डोळ्यांनी बघितलं. काय बोलला ते पण ऐकलं. लिवून घ्या." साहेब म्हणाला, बाहेर बसा. बायका बाहेर बसल्या नाहीत. तिथेच फरशीवर बसल्या. शेवटी लिहून घेतलं. निखिलच्या तोंडचे शब्द, जसेच्या तसे. अॅट्रॉसिटी लागली. त्यांनी माझ्यावर हाड मोडल्याची तक्रार लावली. मला जामीन मिळाला, त्यालाही मिळाला.

मग एका रविवारी अप्पासाहेब आमच्या चाळीत आले. जिने चढून दमले होते. आईने खुर्ची दिली. ते म्हणाले, "तू मला मुलीसारखी आहेस. मुलांच्या हातून होतं. वाढवू नकोस."

मी म्हटलं, "तुमच्या मुलीचं तोंड कुणी असं फोडलं, तर तुम्ही आधी काय पुसाल?"

ते उठले. जाताना आईला म्हणाले, "हिला समजवा. पुढे कुणी नोकरी देणार नाही."

ते खरं निघालं. त्या बाजारात मला कुणी उभं करत नाही. फोन आधीच गेलेला असतो. परळच्या एका औषधवाल्याने ठेवलं होतं, पंधरवड्यात काढलं. आई आता बोलत नाही फारसं.

परवा कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांचा वकील आला. चांगला बोलतो. म्हणाला, "ताई, तुम्ही जबाब जरा सैल करा. नीट आठवत नाही म्हणा. ते त्यांची केस मागे घेतील. तुमचं पण आयुष्य आहे. तुम्ही हाड मोडलंय, ते तर तुम्ही नाकारू शकत नाही."

मी म्हटलं, "नाकारणारच नाही."

"म्हणजे?"

"मोडलं, असंच सांगणार आहे. कशाने मोडलं, का मोडलं, तेही सांगणार. मला शिक्षा झाली तर मी भोगेन. पण त्याने काय केलं आणि काय बोलला, त्यातला एक शब्द कमी करणार नाही."

तो म्हणाला, विचार करा, वेळ आहे.

विचार झालेला आहे. तारीख पडेल तेव्हा मी पिंजऱ्यात उभी राहीन. माझं नाव सांगीन, आडनावासकट. कोर्टाने विचारलं, पश्चात्ताप होतो का, तर नाही म्हणेन. आणि परत कुणी माझ्या मानेला हात घातला, तर त्याचंही हाड मोडीन.