रवीकाकांची मुलाखत

रवीकाकांना नोकरीत कुणी कधी खुर्ची दिली नव्हती. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं ते उभेच होते. स्टुलं होती, पण ती मुलांसाठी. म्हणून डिसेंबरात तिसऱ्या वर्षाच्या वेदिकानं खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाली, "बसा ना काका, तुमची मुलाखत घ्यायची आहे," तेव्हा त्यांनी आधी खुर्ची फडक्यानं पुसली आणि मग अर्ध्या बुडावर बसले. इथंच घात झाला. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागं म्हणतात. इथं तर लांडग्यालाही पत्ता नव्हता की आपण लांडगा आहोत.

रवींद्र महादेवराव काळबांडे, मुक्काम हुडकेश्वर, पद प्रयोगशाळा परिचर. बारावी नापास, तेही नेमके रसायनशास्त्रात. काम म्हणजे परीक्षानळ्या धुणं, बर्नर पेटवणं, बाटल्या भरणं. प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येक मुलाला एका पुडीत अनोळखी पूड मिळते. सगळे तिला सॉल्ट म्हणतात, आणि ती कशाची आहे हे तीन तासांत शोधायचं असतं. पूड पांढरी निघाली की भल्याभल्यांना घाम फुटतो. रवीकाकांना फुटत नसे. चिमटीत घेतली, वजन पाहिलं, काचेवर तापवली की ते नाव सांगत, आणि ते नाव चुकल्याचं कुणाला आठवत नाही.

एखादं पोरगं रडकुंडीला आलं की काका बेसिनपाशी जात आणि कानामागं खाजवत. सॉल्टांचे ग्रुप ठरलेले असतात; एका बोटानं खाजवलं तर सॉल्ट पहिल्या ग्रुपातला, तीन बोटांनी तर तिसऱ्या. बाहेरून आलेले परीक्षक तेव्हा कचोरी खात असत आणि इथले सर त्यांना चटणी वाढत. सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी बोलत नव्हतं. काकांनी यासाठी कधी कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. बाहेर पडताना पोरानं "काका, निघाला!" म्हणावं, एवढीच त्यांची हाव होती.

वेदिकाचा विषय होता प्रात्यक्षिक परीक्षांची खरी परिस्थिती. पोरगी हुशार आणि सरळ. तिनं आधीच सांगितलं, "काका, नाव नाही टाकत आपण. 'परिचर अ' लिहिते मी. संशोधनाचा नियम आहे."

काकांना ते लागलं. "काहून वं? चोर आहो का मी? बत्तीस वर्षं झाले इथं. माह्यं नाव टाक. पुरं टाक, बापाचं नाव सोडू नको."

"पक्का ना काका?"

"पक्का म्हंजे? आन तो कागद."

तिनं संमतीचा फॉर्म पुढं केला. काकांनी इंग्रजीत सही केली आणि खाली दोन रेघा ओढल्या. तिनं फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि मग तासभर ते बोलले. कोण कोण आज कुठं कुठं आहे, कोणाला कोणता सॉल्ट आला होता, सगळं. बत्तीस वर्षांत त्यांना इतकं कुणी विचारलंच नव्हतं, मग माणूस थांबेल कसा?

फेब्रुवारीत कॉलेजचा संशोधन आणि सृजन दिन झाला. व्हरांड्यात पोस्टर, मॉडेलं, चित्रं. सभागृहात निबंधवाचन आणि एकांकिका. काकांनी निळा सदरा इस्त्री करून घेतला. बायकोला, सिंधूला, त्यांनी हट्टानं सोबत आणलं. संसारात त्यांनी तिला दाखवण्यासारखं फारसं काही केलं नव्हतं. आज स्टेजवरून आपलं नाव घेतलं जाणार, आणि ते तिच्या कानांवर पडणार, यासाठी ते दोन महिने जगत होते. ती लग्नाकार्याची साडी नेसून तिसऱ्या रांगेत त्यांच्या शेजारी बसली.

वेदिका इंग्रजीत बोलत होती. नवराबायकोला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण "मिस्टर रवींद्र महादेवराव काळबांडे" हे शब्द आले आणि काका उठले. चारी दिशांना नमस्कार करून बसले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुन्हा नाव आलं, काका पुन्हा उठले. तिसऱ्यांदा उठले तेव्हा मागून शिट्टी आली. चौथ्यांदा अख्खं सभागृह खदखदून हसलं. त्यांना वाटलं, पोरांचा जीव आहे आपल्यावर. पडद्यावर त्यांच्या नावाखाली 'गैरप्रकार' या अर्थाचा इंग्रजी शब्द लाल अक्षरांत होता, आणि काका त्याच्याकडे पाहून हात जोडत होते. सिंधू बोटांवर मोजत होती, कितीदा नाव घेतलं ते.

मग वेदिकानं मुलाखतीचा तुकडा लावला. त्याला इंग्रजी यायची गरज नव्हती. काकांचाच आवाज सभागृहभर घुमला: "आता पोरगं रडून राहिलं तं काय मरू द्याचं त्याले? मी जातो बेसिनपाशी, बोटं दाखोतो. परीक्षक चहा पेत राहते, त्यायले काय समजते! बत्तीस वर्षांत माह्या हातून एकबी नापास नाई गेला."

परीक्षकांच्या रांगेत तीन कॉलेजांचे प्राध्यापक बसले होते. त्यातले दोघे आदल्या वर्षी इथंच कचोरी खाऊन गेले होते. पडद्यावर आलेख आला: पन्नासपैकी त्रेचाळीस विद्यार्थ्यांना उत्तर परिचराकडून मिळालं. त्या त्रेचाळीसांत वेदिका स्वतः होती. पहिल्या वर्षी तिचं बेरियम काकांच्या पाच बोटांवरून आलं होतं, पण ते तिच्या निबंधात नव्हतं.

परीक्षकांपैकी एकानं मराठीत विचारलं, "हे गृहस्थ इथं आहेत का?"

दोनशे पोरांनी एकदम बोट दाखवलं. काका उठले. या वेळी त्यांनी हात जोडले नाहीत. आपण काय करून बसलो ते त्यांना आता पुरतं कळलं होतं. सिंधू मात्र खालून म्हणाली, "अवो, नमस्कार करा ना!"

वेदिकाला पहिलं बक्षीस मिळालं. ती धावतच खाली आली. "काका, फर्स्ट आलो आपण!" तिनं काका आणि सिंधू यांच्या मध्ये डोकं घालून फोटो काढला. तिच्या मनात काळंबेरं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच तिच्यावर चिडायचीही सोय नव्हती.

फोटो निघतोय तोच प्राचार्यांचं बोलावणं आलं. सुमंत सर कधी आवाज चढवत नसत. त्यांच्यापुढं काकांचं सेवापुस्तक उघडं होतं.

"काळबांडे, निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलंय. निलंबन केलं तर पेन्शन अडकेल. शिवाय त्रेचाळीस मुलांचे निकाल विद्यापीठ तपासायला घेईल. हे हवंय?"

"नाही सर."

"मग मी सांगतो ते लिहा. तुमच्या हातानं." सर सांगू लागले, "सदर विद्यार्थिनीला मी दिलेली माहिती खोटी आहे. स्वतःचे महत्त्व वाढवण्यासाठी मी ती रचली. मला रसायनशास्त्राचे कोणतेही ज्ञान नाही."

काकांचं पेन थांबलं. "सर, खोटं बोललो लिहितो. बढाई मारली लिहितो. पण थे राहू द्या. ओळखतो मी, सर. तुमी कोनताबी सॉल्ट आना, आता सांगतो."

"बारावीत कशात नापास झाला होतात तुम्ही?"

काकांनी पेन पुन्हा कागदावर टेकवलं.

"लिहा. माझे काम काचसामान धुण्याचे आहे."

काकांनी लिहिलं. या सहीखाली रेघा ओढल्या नाहीत. वेदिकाचं बक्षीस कायम राहिलं, कारण ते काढून घेतलं असतं तर चर्चा झाली असती. त्या कागदाची एक प्रत प्रयोगशाळेच्या दारावर लावायला सांगितली गेली, आणि ती काकांनाच लावावी लागली. बाहेर बाकावर बसलेल्या सिंधूनं विचारलं, "काय म्हने साहेब?"

"सही पाह्यजे होती," काका म्हणाले.

"सात वेळा नाव घेतलं बाप्पा तुमचं! बहिणीले सांगतो मी आता."

त्यांनी तिला सांगू दिलं.

पुढचा महिनाभर पोरांनी काकांना सोडलं नाही. दाराशी थांबून कुणी तो कागद मोठ्यानं वाचायचं, कुणी नळी धुवायला देताना म्हणायचं, "सर, हे काचसामान." एकानं तर खडीसाखरेचा खडा पुढं केला, "काका, हा कोणता ग्रुप?" ज्यांचे सॉल्ट त्यांच्या बोटांवर निघाले होते, तेच पुढं होते. काका नळी घेत आणि धुवायला लागत. जेवण मात्र कमी झालं होतं. सिंधू ताट वाढायची आणि अर्धं परत न्यायची.

मार्चमध्ये परीक्षा आली. सावनेरहून येणारी भावना बेसिनजवळच्या टेबलावर होती. पहिलं वर्ष, घाबरट पोरगी. काकांना कधी उलटून बोललेली नाही. तिनं पूड तापवली तशी ती तडतडली. काकांनी पाठमोऱ्यानंच ओळखलं: शिसं. तिनं आम्ल घातलं, नळीत पांढरा साका आला. आणि मग वेंधळेपणानं तिनं नळी उकळली. साका नाहीसा झाला. शिशाचा साका गरम पाण्यात विरघळतो. नळी नळाखाली धरली की तो पुन्हा दिसतो. तिला हे ठाऊक नव्हतं. ती पाणावल्या डोळ्यांनी काकांकडं पाहू लागली.

"काका," ती कुजबुजली, "काहीच नाही निघून राहिलं."

नळ काकांच्या हाताखालीच चालू होता. नळाखाली धर, एवढंच म्हणायचं होतं. आजूबाजूला ऐकणारं कुणी नव्हतं. परीक्षक नाश्त्याला गेले होते.

"मले काय माहीत?" काका म्हणाले. "मी भांडे धुतो."

ते बाजूला सरकले आणि तिला बेसिन मोकळं करून दिलं. तिनं नळी ओतून टाकली. थंड पाणी लागताच बेसिनमध्ये पांढऱ्या सुया चमकल्या, पण तोवर तिनं तोंड फिरवलं होतं. काकांनी पाणी मारून बेसिन स्वच्छ केलं.

भावनानं कोरी उत्तरपत्रिका दिली आणि रडत बसस्टॉपकडं गेली. दारातून ती दिसेनाशी होईपर्यंत काका पाहत राहिले. त्यांना बरं वाटलं. त्या संध्याकाळी, महिन्याभरानं, ते पोटभर जेवले आणि सिंधूकडं आणखी एक भाकर मागितली.