सिस्टरचा विषय मी दुसऱ्याला देऊन टाकला

मित्रांनो, आज सकाळी मी एका नर्सचा भर वर्गात अपमान केला.

नालवाडीला दवाखान्यांतल्या लोकांना संशोधन शिकवायचं शिबिर चालू आहे. मी तिथे मार्गदर्शक. हिंगणीकडच्या एक सिस्टर घरोघर फिरून, दवाखान्याच्या वाटेतच बाळंत झालेल्या बायांची माहिती लिहून घेऊन आल्या होत्या. मांडणी कच्ची होती. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "सिस्टर, हे संशोधन नाही, रडगाणं आहे."

वर्ग हसला. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सर, तुमीच तं म्हणलं होतं, जे दिसते थे लिहिजा."

"मग आधी लिहायला शिका," मी म्हणालो.

त्यांनी कागद गोळा केले आणि न जेवताच बस पकडून निघून गेल्या.

जेवताना एका तरुण डॉक्टरने विचारलं, "सर, त्या सिस्टरचा विषय आता मोकळाच आहे. मी घेऊ काय?"

"घ्या," मी म्हणालो. "विषय फार चांगला आहे."

हे मी सिस्टरना एकदाही म्हणालो नव्हतो. संध्याकाळपासून फोन लावतोय, त्या उचलत नाहीत. उचललाच, तर पहिलं वाक्य काय बोलू?