शिकलगार सरांचं तिसरं वाक्य

शिकलगार सर रोज फळ्यावर एक वाक्य खोटं लिहीत. चुकून नव्हे, मुद्दाम. जीवशास्त्राच्या तासाला आठ-दहा वाक्यं लिहायची, त्यातलं एक धडधडीत खोटं, आणि घंटा व्हायच्या आत ते आम्ही शोधायचं. सापडलं की उभं राहायचं. मग सर चष्म्यावरून बघत विचारत, "कशावरून?" कारण सांगता आलं नाही तर उभंच राहायचं. सांगता आलं तरी "शाबास" वगैरे काही मिळत नसे. सर नुसतं "बैस" म्हणत. त्या एका "बैस"साठी दहावीतली आम्ही पोरं जीव टाकायचो. कोणालाच सापडलं नाही, तर सर हातांवरचा खडू झटकून निघून जात आणि ते खोटं दुसऱ्या दिवसापर्यंत आमच्या वह्यांत मुक्काम करी.

सर मूळचे साताऱ्याचे. वडील सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे. "आमच्या घरी धार बोट लावून बघतात, सांगणाऱ्यावर जात नाहीत," असं सर म्हणायचे, आणि सगळ्याच बाबतीत त्यांचं असंच असे. एस.टी.ची पाटी वाचून झाली तरी कंडक्टरला विचारायचे, कंडक्टरने सांगितलं तरी शेजारच्या प्रवाशाला. पाठ्यपुस्तकावरही त्यांचा भरवसा नव्हता. "पुस्तक लिहिणारा माणूसच असतो रे, आणि माणसाला डुलकी लागते," म्हणायचे.

आमचं गाव माधवनगरच्या पलीकडे, निम्मं उसात आणि निम्मं कापडगिरणीत. तिथे सरांचं आणि माझं जमलं, कारण मीही जातीचा संशयी. उत्क्रांतीच्या धड्याला त्यांनी पहिलंच वाक्य लिहिलं, 'माणूस माकडापासून झाला.' वर्गाने ते मुकाट उतरवून घेतलं आणि खालच्या ओळींत खोटं हुडकायला लागला. माझं घोडं मात्र पहिल्याच ओळीत अडलं. मी उभा राहिलो.

"सर, पयलंच वाक्य खोटं हाय."

"कशावरून?"

"माकडं अजून हायत की. आमच्या चिंचंवर रोज येत्यात. ती आपला बाप कशी असतील?" इथे मी अडखळलो. सर वाट बघत राहिले. "बाप न्हवं सर, भाऊबंद असतील. वरचा आजा एकच असंल, मागनं वाटण्या झाल्या."

वर्ग खदाखदा हसला. सर हसले नाहीत. माझे कान तापेपर्यंत माझ्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "बैस." त्या दिवशी घरी जाताना माझे पाय जमिनीवर नव्हते. खोटं हुडकायचा नाद मला लागला तो तिथून.

ते आणीबाणीचं वर्ष होतं. नसबंदीच्या केसेस आणायचं काम मास्तरांच्या गळ्यात घातलेलं. तालुक्याची जीप दिसली की बाप्ये माणसं उसात शिरत. माझ्या वडिलांना आम्ही पाच पोरं. गिरणी सुटल्यावर ते सडकेने न येता बांधाबांधाने घरी येत.

नेमका तेव्हाच आनुवंशिकतेचा धडा आला. वाटाण्याचे प्रयोग शिकवून झाले आणि सर म्हणाले, "हे वाटाणे पुस्तकातले. खरे की खोटे, तुमच्या घरी बघू." प्रत्येकाने तीन पिढ्यांची वंशवेल काढायची. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, प्रत्येकाखाली नाव आणि त्यांची मुलं. शिवाय कोणाच्या कानाची पाळी सुटी आणि कोणाची गालाला चिकटलेली, तेही लिहायचं. आम्ही कागद दिले, सरांनी ते एका वहीत घालून ठेवले.

दुसऱ्याच दिवशी शाळेपुढे तालुक्याची जीप उभी. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कोणत्या घरात किती पोरं, बापाचं नाव काय, सगळं आम्ही आमच्याच हाताने लिहून दिलेलं! कान हा नुसता बहाणा. या वेळचं खोटं फळ्यावर नव्हतंच, ते त्या वहीत होतं, आणि ते मला एकट्याला सापडलं होतं. संध्याकाळी जेवताना मी मोठ्या ऐटीत सांगितलं.

"आण्णा, सरांनी समद्या गावाची यादी केलीया."

"कसली यादी रं?"

"कुणाला किती पोरं, त्याची."

वडिलांच्या हातातला घास हातातच राहिला. आई म्हणाली, "लय सरळ वाटला व्हता गं बाई ह्यो मास्तर."

सकाळी शाळेच्या फाटकाशी पंचवीस-तीस माणसं जमली. "आवं मास्तर, आमची पोरं मोजायला ठेवलंय व्हय तुमास्नी?" सर मुसलमान, त्यावरूनही दोघंतिघं बोलले, ते शब्द मी इथे लिहीत नाही. सर एकच सांगत राहिले, "मी कान बघतोय हो. नुसते कान." ते कोणालाही पटलं नाही. त्या दिवसांत पटण्यासारखं ते नव्हतंच.

जीप आदल्या दिवशी आली होती ती शाळेच्या पडक्या छपरासाठी. तिच्यातून आलेल्या तालुक्याच्या साहेबाला वहीचा पत्ताही नव्हता. तो लागला या गोंधळामुळे. दुपारी मी हजेरीपट घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीकडे गेलो आणि दाराशीच थबकलो.

"यादी तयारच आहे म्हणे तुमच्याकडे," साहेब म्हणत होते. "अख्खं गाव सांगतंय. आणा ती वही."

"तो मुलांचा गृहपाठ आहे," सरांचा आवाज आला. "तपासून त्यांना परत द्यायचाय."

"तुमच्या संस्थेची कोयनानगरला शाळा आहे, माहीत आहे ना? जमीन हलते तिथं. एक शब्द टाकला की झालं."

मग सरांनी विचारलं, "जीवशास्त्र आहे ना तिथे?"

शेवटच्या तासाला त्यांनी सगळे कागद परत वाटले. माझ्या कागदावर लाल शाईने एकच शेरा होता: 'आजी तुझ्या जन्माआधी वारली असं तूच लिहिलंयस. मग तिच्या कानाची पाळी सुटी, हे कशावरून?' आजीचा कान मी ठोकून दिला होता. पोरांच्या चौकोनांना आणि गोलांना लाल शाई शिवलीसुद्धा नव्हती. सर खरोखरच नुसते कान बघत होते. घरी वडिलांनी तो कागद चुलीत घातला, आणि मी तोंडातून अक्षर काढलं नाही.

आठवड्याने सरांचा शेवटचा तास झाला. त्या दिवशी फळ्यावर तीनच वाक्यं होती. 'आनुवंशिकतेचा धडा पूर्ण झाला आहे. परीक्षेत त्यावर प्रश्न येईल. कोयनानगरची बदली मी स्वतः मागून घेतली आहे.' लिहून सर हाताची घडी घालून खुर्चीवर बसले. एक पोरगा दुसऱ्या वाक्यासाठी उठला आणि "कशावरून?" ऐकून तसाच उभा राहिला. मला सापडलं होतं. पण उठलो असतो तर कारण सांगावं लागलं असतं. दाराआडून काय ऐकलं, आणि गावात पहिलं तोंड कोणी उघडलं. मी वहीत डोकं खुपसलं. घंटा झाली. सर हात झटकून निघून गेले.

गावाने मास्तर घालवल्याचा आनंद केला. "त्या मास्तराच्या तावडीतनं वाचलो," असं वडील पुढेही कैक दिवस म्हणायचे. दर वेळी खरं सांगायचं ठरवायचो आणि दर वेळी ताटात मान घालायचो. सरांच्या तासाला धीट असणारा मी घरात पक्का भित्रा निघालो.

तीन वर्षांनी, साताऱ्याला कॉलेजात असताना, एकदा मनाचा हिय्या करून कोयनानगरची एस.टी. पकडली. घाटातल्या प्रत्येक वळणावर परत फिरावंसं वाटत होतं. सरांनी दार अर्धंच उघडलं. केस पिकले होते. मी नाव सांगितलं.

"कशावरून?" सरांनी विचारलं.

"माकडांचा भाऊबंद, सर."

दार पूर्ण उघडलं. त्यांनी चहा केला, स्टूल पुढे सरकवलं. मी बसलो नाही. वर्गात उभा राहायचो तसा, हात खाली सोडून उभा राहिलो.

"सर, तिसरं वाक्य खोटं होतं."

त्यांनी कप खाली ठेवला. "कशावरून?"

मी सांगितलं. दाराशी ऐकलेलं, घरी बोललेलं, चुलीत गेलेल्या कागदापर्यंत सगळं. सांगताना रडू फुटलं, ते लपवता आलं नाही.

सर उठून खिडकीशी गेले. "तुझ्या संशयाला मी नावं ठेवणार नाही," ते म्हणाले. "दिवसच तसे होते. पण फळ्यावरचं खोटं मला सांगायचास. हे तेवढं मला सोडून साऱ्या गावाला सांगितलंस."

चहावर साय धरली. मी उभाच होतो. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि त्यावरून माझ्याकडे बघितलं.

"बैस," ते म्हणाले.