दिग्यानं बसवलेला सोलो

भावा, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं न्हाय. आईला न्हाय, क्लासातल्या पोरांना न्हाय. आणि मी तर पोटात काय ठेवत न्हाय म्हणून बदनाम माणूस! तरी हे राहिलं. आता का सांगतोय? ऐक फक्त.

मी पेठ वडगावचा. नकला करतो. शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून एकदा आमचा वर्ग वेळेआधी सोडवलाय — मास्तर आपले आत चहा पीत बसलेले. एसटीचा कंडक्टर, लग्नात रुसलेलं पावणं, फोनवर खोटं हसणारी काकी... एकदा ऐकलं की घुसलं डोक्यात. लय भारी जमतं. जमतंय तर लाजायचं कशाला?

कॉलेजात असताना शाहूपुरीत एका दुकानाच्या माडीवर गिटार शिकायला जायचो. सर कडक. गिटारच्या मानेवर आडव्या पट्ट्या असतात, फ्रेट; कितवा फ्रेट ते कळावं म्हणून ठिपके असतात बघ — सरांनी सगळ्यांच्या गिटारींवर ते काळ्या चिकटपट्टीनं झाकून टाकलेले. डोळ्यानं न्हाय, बोटानं शोधा म्हणायचे. स्केल एकच, पाच सुरांचं. पण अख्ख्या मानेवर ते पाच जागी बसतं, आणि दर जागी तेचा आकार वेगळा. पाचही पाठ पाहिजेत. एकातनं दुसऱ्यात न अडखळता जाता आलं पाहिजे.

मला एकच येत होता. पाचव्या फ्रेटवरचा, सगळ्यात सोपा. बाकीच्या चारांत मी काय करायचो? समोर जो वाजवतोय तेचा हात बघायचा, आणि आपला हात तसाच न्यायचा. नक्कलच की! सरांना कधी पत्ता लागला न्हाय.

पण कबुली ही न्हाय. ह्याच्यावर तर मी स्टेजवर विनोद करतो.

दिगंबर नावाचा एक पोरगा होता — आमचा दिग्या. चंदगडचा, शहरात मावशीकडं राहायचा. तेची करंगळी लहानपणी विळ्यावर कापलेली, नीट वाकायची न्हाय. म्हणून करंगळीच्या जागी तो तिसरं बोट ताणायचा, आणि सूर जरा उशिरा यायचा. पाठांतर तर इतकं सावकाश! एसटीत बसला तरी मांडीवर बोटं चालवत असायचा. पण एकदा बसलं की पक्कं. आणि माझ्या नकलांना सगळ्यात जास्त हसायचा तोच. पोट धरून. माझा दोस्त होता म्हण ना.

कॉलेजचं गॅदरिंग आलं. लीड गिटारची जागा एकच. सरांनी सांगितलं — मी साथीला कॉर्ड धरतो, तुम्ही पाचही आकारांतनं फिरून स्वतःचं कायतरी वाजवा. ज्याला सगळी मान येते, तो उभा राहणार. दिग्याला ती जागा पाहिजे होती. गावाकडनं आई-वडील पहिल्यांदा तेला ऐकायला येणार होते.

तेनं एक सोलो बसवला. बाराव्या फ्रेटवर सुरुवात, तितनं घसरत, वळसे घेत खाली. मावशीच्या गच्चीवर मला बोलावून ऐकवला. खरं सांग म्हणाला, कसं वाटतंय? मी म्हणलो, बरं हाय, परत वाजव. तेनं परत वाजवला.

दुसऱ्यांदा संपला तवा तो माझ्या बोटात होता.

निवडीच्या दिवशी क्लासात मी सरांना म्हणलो, वडगावची एसटी चुकंल, मला पहिला घ्या. एसटी चुकणार नव्हती. चुकून घडलं, असं तू समजू नको — मी पहिला नंबर मागून घेतला. आणि दिग्याचा सोलो वाजवला. पहिल्या सुरापासनं शेवटच्या सुरापर्यंत. तेचं ते उशिरा येणारं बोटसुद्धा, हुबेहूब. माझी करंगळी तर धडधाकट हाय! सरांनी मांडीवर थाप मारली.

मग दिग्या बसला. दुसरं तेच्याकडं काय होतं? तेनं तेचंच सुरू केलं. दोन ओळी झाल्या नसतील, सरांनी हात वर केला.

“दिगंबर, नकला करायला आमच्याकडं एक हाय की! तू कवापासनं सुरू केलंस?”

पोरं हसली. दिग्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाय रे. वाट बघत — की हा आता सांगंल. एक वाक्य तर लागत होतं. मी गप्प बसलो असतो तरी एक वेळ... तो स्वतः सांगणार होता. तोंड उघडलंच होतं तेनं.

मी तेच्या आधी बोललो. तेच्याच आवाजात. तो चंदगडी हेल, तो पडेल सूर —

“सर, ते माजंच हाय ओ! तेनं आदी वाजवलं!”

अख्खी माडी हसली. सर पण. कळलं तुला मी काय केलं? तेच्याकडं एकच खरं वाक्य होतं, आणि तेचा मी विनोद करून टाकला. आता तेनं तेच म्हणलं असतं तरी पोरं अजून हसली असती. तेनं तोंड मिटलं. जरासा हसला पण, सगळ्यांबरोबर. मग ऐनवेळी दुसरं कायतरी जुळवायला गेला, चौथ्या आकारात अडकला, आणि गिटार पिशवीत घातली. परत क्लासला आला न्हाय.

गॅदरिंगला मी वाजवलं. शिट्ट्या पडल्या. तितनं कार्यक्रम मिळत गेले, अजून मिळतात. पाचही आकार मी नंतर शिकलो, खरे. आज डोळं मिटून कुठल्याही फ्रेटवर सोड, मी मूळ सुरावर, घरी येतो. दिग्या गावाकडं काजूचा धंदा बघतो. मध्ये स्टँडवर भेटला, म्हणाला, “कर की रं एखादी नक्कल.” मी केली. पोट धरून हसला. गिटारचं तेनं काढलं न्हाय, मी पण न्हाय.

आता वडगावात मी शिकवतो. गेल्या महिन्यात एका पोरीनं तो सोलो शिकायला मागितला. शिकवला. जाताना तिनं विचारलं, “सर, हा कुणी बसवलाय?”

“मी,” म्हणलो.