स्कार्नवेटचा वारा

समाधान बोरस्ते नाशिकहून सौदीतल्या जुबेलच्या प्लांटवर इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन म्हणून आला, तेव्हा त्याच्या बॅगेत मेतकूट होतं, भाजणी होती, डिप्लोम्याच्या शिक्का मारलेल्या प्रती होत्या. ब्लॅक मेटल, म्हणजे ते घसा फोडून गायचं काळंकुट्ट रॉक संगीत, नव्हतं. ते त्याला इथे वाळवंटात भेटलं, आणि असं काही भेटलं की चारपाच वर्षांत तो अल-खोबरच्या मराठी मंडळींत या विषयातला पीठाधीश होऊन बसला. शिष्य दोनच, तिथल्याच कमलाकर आणि शीला या जोडप्याची मुलं, अमोघ आणि नूपुर. पण पीठ ते पीठ.

गुरुवारी सुट्टी असली की तो दुपारी त्यांच्या फ्लॅटवर यायचा. खिडक्या लावायच्या, आवाज शेजारी जाणार नाही इतपत ठेवायचा आणि ऐकायचं. गाणं संपलं तरी समाधान डोळे मिटूनच असायचा. मग एक सुस्कारा, मग "बघ, काय आहे ना...", आणि मग निकाल. त्यावर अपील नसे. नूपुर कीबोर्ड वाजवायची, तिचीही मतं होती, पण समाधानपुढे ती "बट दादा" इथपर्यंत यायची आणि तिथेच विरायची. प्लांटमध्ये समाधान दिवसभर "येस सर, डन सर" करायचा. जगात शेवटचा शब्द त्याचा असण्याची जागा एकच, हा सोफा, आणि तो त्याला जिवापलीकडे प्रिय होता.

या सगळ्याचा पाया म्हणजे एक कॅसेट. स्कार्नवेट नावाच्या नॉर्वेच्या बँडचा पहिला अल्बम. एका फिलिपिनो सहकाऱ्यानं सीडी एका दिवसापुरती दिली होती. समाधाननं कंपनीच्या कामगार कॅम्पातल्या खोलीत स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून ती उतरवून घेतली. त्या कॅसेटमध्ये वारा होता. पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत घोंघों, घोंघों. तिसऱ्या गाण्यात मध्येच धाड्‌कन आवाज व्हायचा, वारा गप्प, आणि जरा वेळानं पुन्हा सुरू. हिमकडा कोसळतो तो, समाधान सांगायचा. लेकांनी स्टुडिओत नाही, डोंगरावर जाऊन रेकॉर्ड केलंय. अमोघनं कॅसेट कॉम्प्युटरवर चढवली होती. कडा कोसळला की दोघं भावंडं मान खाली घालायची. तशी शिस्तच होती.

आणि आता स्कार्नवेटचा नवा अल्बम आला होता. अख्खा ऑर्केस्ट्रा, वर कोरस, सगळं कसं घासूनपुसून लख्ख. इंटरनेटवरच्या चाहत्यांत जुंपली होती. एक ब्राझीलवाला म्हणत होता बँड विकला गेला, एक फिनलंडवाला म्हणत होता मी रडलो. समाधाननं न ऐकताच निकाल दिला, "शॅम्पू केलेला सैतान", आणि अमोघकरवी फोरमवर टाकूनही दिला: वारा मेला.

कमलाकर कामासाठी बहारीनला गेला, तेव्हा नव्या अल्बमची सीडी आली. दुकानदारानं पहिल्या अल्बमची सीडीही गळ्यात मारली, ती कमलाकरनं समाधानला भेट म्हणून ठेवली. त्या गुरुवारी समाधानबरोबर जमालुद्दीनभाईही होते, खेडचे पाइपफिटर, कॅम्पातले त्याचे जुने रूममेट. त्यांना लेकीसाठी मॉलमधून काही घ्यायचं होतं. शीलानं त्यांना पोह्यांची बशी देऊन बसवून घेतलं.

नवा अल्बम पूर्ण वाजला. अमोघचं मत पडलं की किराण्याच्या दुकानात पुड्या मांडाव्यात तसे ड्रम वेगवेगळे ऐकू येतात. शीलाला व्हायोलिन आवडली, फक्त मध्ये घशातून गुरगुरणारा तो माणूस आजारी आहे का, एवढंच तिला विचारायचं होतं. जमालभाई म्हणाले, लग्नाच्या हॉलात मारामारी लागलीय आणि बँडवाले काय थांबत नाहीत. नूपुर म्हणाली, व्हायोलिन्स वरून चिकटवलेली नाहीत, गाणंच त्यांनी धरलंय, बट दादा...

समाधाननं डोळे उघडले. "बघ, काय आहे ना, सगळं आहे. वारा नाही."

मग जुनं-नवं शेजारी ठेवून ऐकू, असं नूपुरचं म्हणणं पडलं आणि तिनं पहिल्या अल्बमची सीडी लावली. गाणी तीच होती. वारा नव्हता. तिसरं गाणं आलं, गेलं, कडा जागचा हलला नाही. समाधान म्हणाला, नंतर काढलेली आवृत्ती आहे, कंपनीनं धुऊन टाकलंय. खात्रीसाठी अमोघनं कॉम्प्युटरवरची कॅसेट सुरू केली. घोंघों सुरू झाली. जमालभाईंचा चमचा अर्ध्यावर थांबला. धाड्‌कन आवाज झाला, भावंडांनी सवयीनं माना खाली घातल्या.

"ही माझी चप्पल," जमालभाई म्हणाले.

कोणाला काही कळेना.

"अरे, आपल्या खोलीतला खिडकीचा एसी नाही का, समाधान? माझी तेव्हा नाइट ड्यूटी. दिवसा झोपायचो तर हा नुसता घोंघावायचा. मग पडल्या पडल्या चप्पल फेकायची. बसली वर्मी की गप. थोड्या वेळानं पुन्हा चालू." त्यांनी कौतुकानं स्पीकरकडे पाहिलं. "मस्त आलाय आवाज."

अमोघ सोफ्यावरून खाली घसरला तो घसरलाच. आजवर आपण जमालकाकांच्या चपलेपुढे मान झुकवत होतो, असं काहीसं तो हिंदीत सांगत होता, पण हसण्यात अर्धं वाहून जात होतं. शीला कपाळाला हात लावून आत गेली. नूपुर तेवढी हसली नाही. ओठ घट्ट मिटून ती दादाकडे बघत होती, आणि ते समाधानला अमोघच्या हसण्यापेक्षा जड गेलं.

"बघ, काय आहे ना," तो म्हणाला.

पुढे काही आलंच नाही. इतक्या वर्षांत त्या चार शब्दांपुढे पहिल्यांदाच काही नव्हतं.

नूपुरनं हळूच नवी सीडी डबीत घालायला घेतली. कोणी काही बोलायच्या आत आवरून टाकावं, असा तिचा चेहरा होता.

"नको ठेवूस," समाधान म्हणाला. "मघाशी तू काहीतरी सांगत होतीस. व्हायोलिनचं."

दादा चिडवतोय का, हे तिनं आधी नीट पाहून घेतलं. मग दुसरं गाणं लावलं आणि बोलायला लागली, आधी इंग्लिशमध्ये, मग घाईघाईत हिंदीत, आणि रंगात आल्यावर चक्क मराठीत. इथे बघ गिटार खाली बसते, इथे कोरस तिला उचलतो, आता ऐक, आता. अमोघनं डोळे पुसत कॉम्प्युटरचा कीबोर्ड पुढे ओढला आणि विचारलं, फोरमवर काय लिहायचं, दादा?

समाधानचं तोंड उघडलं. मग त्यानं त्यात चमचाभर पोहे घातले आणि हातानंच खूण केली, तिचं होऊ दे.