कारखान्यामागच्या खड्ड्याची जोखीम

नवऱ्याची हवाई दलातली बदली चंदिगडला झाली, तेव्हा लहानग्या लेकीला घेऊन मीही माझ्या सरकारी विमा कंपनीत तिथलीच बदली मागून घेतली. पंजाबातले ते वाईट दिवस. बसमध्ये चढताना झडती, पुढे नाक्यावर पुन्हा झडती, आणि अंधार पडायच्या आत घर. माहेरी साताऱ्याला सगळे धास्तावलेले. मी मात्र नव्या कामात रमले होते. कारखान्यातल्या घातक पदार्थांनी बाहेरच्या लोकांचं नुकसान झालं तर भरपाईसाठी विमा हवाच, असा कायदा नुकताच आला होता. ही जोखीम मोजायची कशी, हे आमच्या ऑफिसात कुणालाच धड माहीत नव्हतं. साहेबांनी काम माझ्यावर सोपवलं.

पहिलाच कारखाना पिंजौरच्या अलीकडचा. सायकलच्या हँडलांना निकेलचा मुलामा देणारा. मालक साठीतले सरदारजी, आवाज खणखणीत. त्यांनी मला यंत्रं दाखवली, वाळूच्या बादल्या दाखवल्या.

“देख लो बेटा, आग का कोई डर नहीं.”

“तुमचं काय जळेल ते नकोय मला,” मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हणाले. “दुसऱ्यांचं काय नासेल ते बघायचंय. हे हँडलं धुतलेलं पाणी कुठे जातं?”

ते गोंधळले. मग मला मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथे मातीचा बांध घातलेला एक खड्डा होता, हिरव्यागार पाण्यानं काठोकाठ भरलेला. बांधाला भेगा. खालच्या उतारावर एक ओहोळ. त्याच्या काठाकाठानं आम्ही दोघं उतरलो, तो थेट एका गावात, आणि गावात ऐन दुपारी लग्न! त्या काळात लोक लग्नंही दिवसाउजेडीच उरकून घेत.

सरदारजींना सगळे ओळखत होते. आम्हाला ओढतच पंगतीला बसवलं. समोर विहीर, तिच्यावर रांगेनं भरलेल्या घागरी, पलीकडे गव्हाची शेतं. जेवता जेवता मी त्यांना हिशेब समजावू लागले: बांध फुटला तर विहीर गेली, मग महिनोन्‌महिने टँकरनं पाणी, एका हंगामाचा गहू, आजाऱ्यांचा दवाखाना, वर कोर्टकचेरी.

त्यांनी एका म्हशीकडे बोट केलं. “ये भी?”

“ही पण.”

“और वो कटडी?”

“रेडकूसुद्धा, सरदारजी.”

त्यांच्या हातातली जिलेबी हातातच राहिली. नवरीची आजी वाढायला आली, तर ते तिच्याकडे बघतच राहिले. मग एकदम मांडीवर थाप मारून गडगडाटी हसले.

“ओए, इतने में तो दस पक्की टंकियां बन जाएं!”

आजीला काहीच कळलं नाही, पण तीही हसली. तेवढ्यात बायकांनी मला उठवलं, खांद्यावर कुणाची तरी लाल चुन्नी टाकली आणि गिद्ध्याच्या, त्यांच्या टाळ्यांच्या नाचाच्या, रिंगणात ढकललं. मला टाळीचा ठेका जमेना. शेवटी मी मंगळागौरीची फुगडी घालून दाखवली. मग काय, सगळ्याच जणींना फुगडी शिकायची होती! नवरीसुद्धा दोन फेरे घालून गेली. उन्हं कलायच्या आत सरदारजींनी मला आपल्या जीपनं घरी सोडलं.

आठवड्याभरात गवंडी लागले. सिमेंटची टाकी झाली, पाणी आधी चुन्यानं निवळून घ्यायची सोय झाली. मी दुसऱ्यांदा तपासणी केली आणि खूप कमी हप्ता लावून विमा दिला. पावसाळाभर टाकी ठाम उभी होती.

सरदारजींनी आपल्या धंदेवाल्या मित्रांना माझ्याकडे धाडायचा सपाटाच लावला. त्या हिवाळ्यात मी काल्का रस्त्यावरची गावं पालथी घातली. प्रत्येक गावातून कुणी ना कुणी पिशवीत काहीतरी कोंबायचंच: मटार, मुळे, गुळाची ढेप. नवरा म्हणायचा, “तू विमा विकतेस की भाजी आणायला जातेस?” आणि शेजारच्या पोरांत खेळून हिंदीच बोलायला लागलेली माझी लेक दारातच पिशवीत तोंड घालून विचारायची, “मम्मा, आज क्या मिला?”